पिण्याच्या पाण्यावरची आगबोट

(ग्रामीण पाणीपुरवठा या विषयावरील एका प्रशिक्षणवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाणीपुरवठ्याच्या वर्गात आगबोटीची गोष्ट सांगायला मी उभा आहे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. नळ, टाकी, पाणीपट्टी, गळती हे विषय सोडून बोट कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या बोटीविषयी मी बोलणार आहे, ती एका मोठ्या शहराच्या पिण्याच्या पाण्यावर चालते आणि शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. माणसांची वाहतूक आणि माणसांचे पिण्याचे पाणी या दोन गोष्टी एकाच सरोवरात इतका काळ कशा नांदल्या, त्यासाठी कोणी काय सोडले आणि कोणी काय सोसले, हे समजून घेण्यासारखे आहे.

बोट लहान आहे. लांबी ११० फूट, रुंदी १९ फूट, वजन सुमारे ११५ टन. समुद्रावरच्या आगबोटींपुढे ती होडीसारखीच दिसेल. तिचे नाव 'सर वॉल्टर स्कॉट'. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात लॉख कॅट्रिन नावाचे सरोवर आहे, तेथे ती चालते. 'लॉख' म्हणजे त्यांच्या भाषेत सरोवर. हे सरोवर सुमारे १३ किलोमीटर लांब, अरुंद आणि फार खोल आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर पाण्यात उतरलेले आहेत आणि परिसरात पाऊस भरपूर पडतो. आपल्याकडील कोयनेच्या खोऱ्यातील शिवसागर जलाशय ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे दृश्य डोळ्यांपुढे आणणे कठीण जाणार नाही.

काव्यामुळे आलेली गर्दी

या सरोवराकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले ते एका काव्यामुळे. सर वॉल्टर स्कॉट यांचे 'द लेडी ऑफ द लेक' हे दीर्घ कथाकाव्य १८१० साली प्रसिद्ध झाले. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की, आपल्याकडे ज्यांचे नाव हटकून घेतले जाते, तेच हे स्कॉट. काव्याची पार्श्वभूमी लॉख कॅट्रिनची होती. ते विलक्षण लोकप्रिय झाले आणि त्यात वर्णिलेली बेटे, खिंडी व किनारे प्रत्यक्ष पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. ज्या प्रदेशात धड रस्ता नव्हता, तेथे खानावळी निघाल्या, घोडागाड्या सुरू झाल्या आणि सरोवरात पाहुण्यांना फिरवून आणणाऱ्या वल्ह्याच्या नावा आल्या.

पर्यटन हा शब्द आज आपल्या विकास आराखड्यांत वारंवार येतो. येथे तो शब्द रूढ होण्याच्या फार पूर्वी, एका पुस्तकाच्या बळावर, एका दुर्गम खोऱ्याचे अर्थकारण बदलले. डोंगरातल्या माणसाला वल्हे मारून चार पैसे मिळू लागले. मात्र बदल एकदा सुरू झाला की, तो आपल्या सोयीच्या ठिकाणी थांबत नाही, हेही त्या माणसांना लवकरच कळले.

वल्हेकरी आणि पहिली आगबोट

१८४३ साली सरोवरावर पहिली वाफेची बोट आली. तिचे नाव 'जिप्सी'. तोपर्यंत पाहुण्यांची ने-आण 'वॉटर विच' नावाची मोठी नाव करीत असे आणि ती वल्हवणाऱ्या तगड्या गड्यांचे पोट त्यावर चाले. यंत्राची बोट आली, म्हणजे आपला रोजगार गेला, हे समजायला त्यांना कोणाच्या व्याख्यानाची गरज नव्हती. नवी बोट येऊन थोडे दिवस होतात न होतात, तोच एके रात्री ती धक्क्यावरून नाहीशी झाली. सरोवराच्या खोल पाण्यात ती बुडाली होती. संशय अर्थातच वल्हेकऱ्यांवर आला. परंतु गुन्हा शाबीत झाला नाही.

मित्रहो, ही हकीकत तेथे आज गमतीने सांगितली जाते. मला ती गमतीची वाटत नाही. बोट बुडवणे हे कृत्य समर्थनीय नव्हे, हे उघड आहे. पण ज्यांचे काम एका यंत्राने हिरावून घेतले, त्यांच्याशी आधी कोणी बोलले होते काय, त्यांच्यापैकी कोणाला नव्या बोटीवर खलाशी म्हणून घेण्याचा विचार झाला होता काय, हे प्रश्न गमतीच्या आड झाकले जातात. आपल्या गावी एखादी सुधारणा येते, तेव्हा जुन्या व्यवस्थेवर जगणारी दोन-चार घरे नेहमी असतात. योजनेच्या कागदावर त्यांचा रकाना नसतो. तो रकाना नसला, तर त्याची किंमत पुढे कोणत्या ना कोणत्या रूपाने मोजावी लागते.

'जिप्सी' गेली तरी वाफेचे युग थांबले नाही. थोड्याच वर्षांत 'रॉब रॉय' नावाची बोट आली आणि १८५५ च्या सुमारास त्याच नावाची दुसरी, अधिक चांगली बोट तिच्या जागी आली. रॉब रॉय मॅकग्रेगर हा अठराव्या शतकातला या मुलखातला नामांकित पुंड. त्याचा जन्म याच सरोवराच्या वरच्या टोकाशी, ग्लेनगाइल येथे झाला होता. या दुसऱ्या 'रॉब रॉय'च्या वाट्याला एक मोठा मान यायचा होता. पण त्याआधी आपल्याला सरोवरापासून पन्नास-एक किलोमीटर दूर असलेल्या ग्लासगो शहरात गेले पाहिजे.

शहराची तहान

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्लासगो हे कापडगिरण्या, लोखंड आणि जहाजबांधणी यांचे शहर झाले. खेड्यापाड्यांतून आणि आयर्लंडमधून माणसे कामासाठी आली आणि कोंदट चाळींत राहू लागली. पाणी क्लाइड नदीचे आणि विहिरींचे. नदीत कारखान्यांची घाण आणि विहिरींत गटारांचा पाझर. १८३२ च्या पटकीच्या साथीत त्या शहरात सुमारे तीन हजार माणसे दगावली. १८४८-४९ च्या साथीत हा आकडा चार हजारांच्या आसपास गेला. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे लंडनमधील डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ साली एका सार्वजनिक पंपाच्या उदाहरणाने दाखवून दिले. परंतु ग्लासगोच्या नगरसेवकांना स्वच्छ पाण्याची निकड त्यापूर्वीच पटलेली होती.

त्यांनी लॉख कॅट्रिनचे पाणी शहरात आणण्याची योजना आखली. जॉन फ्रेडरिक बेटमन या अभियंत्याने ती तयार केली. योजनेला विरोधही झाला. सरोवरातून वाहणारे पाणी वळवले, तर खालच्या नदीचे काय होणार, असा आक्षेप होता. आरमार खात्यालाही फोर्थ नदीतील जहाजांच्या मार्गाची काळजी वाटत होती. १८५४ चा प्रयत्न फसला. १८५५ साली कायदा मंजूर झाला. खालच्या खोऱ्याचा हक्क राखण्यासाठी व्हेनाखर आणि ड्रंकी या दोन सरोवरांत पाणी साठवून ते नदीला ठरलेल्या प्रमाणात सोडण्याची तजवीज योजनेतच करण्यात आली. वरच्याने पाणी उचलायचे असेल, तर खालच्याचा वाटा आधी बाजूला काढून ठेवायचा, हा न्याय तेथे कायद्याने घालून दिला. आपल्याकडे पाणीवाटपाच्या बैठकांत ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना या तरतुदीचे मोल सांगायला नको.

१८५६ मध्ये काम सुरू झाले. डोंगर फोडून बोगदे काढले, दऱ्यांवर जलसेतू बांधले आणि सुमारे ४२ किलोमीटर लांबीचा कालवा ग्लासगोजवळच्या मुगडॉक येथील साठवण तलावापर्यंत नेला. त्याचा उतार दर मैलाला अवघा १० इंच ठेवला होता. पाणी उपसण्यासाठी एकही पंप लागला नाही. ते केवळ आपल्या उताराने शहराकडे चालत गेले. १४ ऑक्टोबर १८५९ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते या योजनेचे उद्घाटन झाले. राणीला सरोवरावरून उद्घाटनाच्या स्थळी नेण्याचा मान मिळाला, तो 'रॉब रॉय' या आगबोटीला. सलामीच्या तोफांनी राणीसाठी सजवलेल्या बंगल्याच्या काचा फुटल्या, अशी आख्यायिका तेथील लोक अजून सांगतात.

काचा फुटल्या असतील वा नसतील, योजनेचे फळ मात्र निश्चित मिळाले. १८६६ साली पटकीची साथ पुन्हा आली, तेव्हा ग्लासगोतील बळींचा आकडा शंभराच्या आत राहिला. हजारोंवरून शंभराच्या आत. पाणीपुरवठा खात्याच्या कामाचे याहून बोलके प्रमाणपत्र कोणते असू शकेल?

याच काळात आपल्या मुंबईतही हेच घडत होते. विहारच्या तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये मुंबईला नळाचे पाणी मिळाले. पुढे १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले. जगाच्या दोन टोकांवरची दोन बंदरे, दोन्ही गिरण्यांची, दोन्ही दाटीवाटीची, एकाच वेळी डोंगरातील पाण्याकडे वळली, हा केवळ योगायोग नव्हता. शहरे वाढली की, त्यांची तहान डोंगरापर्यंत पोहोचतेच.

शहराच्या या तहानेची किंमत सरोवरानेही मोजली. पाण्याची पातळी बांध घालून चढवली आणि पुढे शहर वाढले तशी ती आणखी चढवली. ज्या शुभ्र वाळूच्या किनाऱ्याचे वर्णन काव्यात होते आणि जो पाहण्यासाठी लोक येत, तोच किनारा पाण्याखाली गेला. ज्या स्थळाच्या कीर्तीवर बोटीचा धंदा उभा होता, त्या स्थळाचा एक भाग शहराच्या घागरीत गेला, असे म्हणता येईल.

सुटे भाग करून नेलेली बोट

शतकाच्या अखेरीस 'रॉब रॉय' जुनी झाली आणि बोट चालवणाऱ्या कंपनीने नवी बोट घेण्याचे ठरवले. काम डम्बार्टन येथील विल्यम डेनी आणि बंधू या जहाजबांधणी कारखान्याकडे सोपवले. ही साधी पेढी नव्हती. जहाजाच्या लहान प्रतिकृती पाण्याच्या लांब हौदात ओढून त्यांची परीक्षा घेण्याची सोय या कारखान्याने १८८३ मध्येच केली होती. तो हौद आजही संग्रहालय म्हणून जपला आहे. ब्रह्मदेशातील इरावती नदीवर चालणाऱ्या अनेक बोटीही याच कारखान्यातून सुट्या भागांच्या रूपाने समुद्रापार गेल्या होत्या. तेव्हा बोट बांधून ती दूर नेऊन पुन्हा जोडणे, हे काम त्यांना नवे नव्हते.

लॉख कॅट्रिनला समुद्रातून किंवा मोठ्या नदीतून जलमार्ग नाही. मग ११५ टनांची बोट तेथे न्यायची कशी? डेनींच्या कारागिरांनी ती आधी आपल्या आवारात केवळ नट-बोल्टांनी जोडून उभी केली. प्रत्येक पत्रा, प्रत्येक फासळी नीट बसते की नाही, हे पाहिले. मग प्रत्येक भागावर क्रमांक घातला आणि सगळी बोट पुन्हा सुटी केली. हे भाग पडावांत भरून लेव्हन नदीतून लॉख लोमंड सरोवरात आणि तेथून सरोवराच्या काठावरच्या इन्व्हरस्नेड या ठिकाणी आणले. तेथून पुढे चढणीचा सात-आठ किलोमीटरचा डोंगरी रस्ता. त्या रस्त्याने घोड्यांच्या गाड्यांतून पत्रे, फासळ्या आणि यंत्राचे अवजड भाग लॉख कॅट्रिनच्या काठी, स्ट्रोनाखलाखर येथे पोहोचले. तेथे क्रमांकाप्रमाणे भाग जुळवून, आता बोल्टांऐवजी तापवलेले रिव्हेट ठोकून, बोट कायमची जोडली. १८९९ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९०० च्या हंगामात प्रवाशांच्या सेवेत रुजू झाली.

तिचा एकूण खर्च ४,२६९ पौंड झाला. त्यांपैकी २,०२८ पौंड केवळ पोहोचवणीचे होते. म्हणजे जवळजवळ निम्मी रक्कम रस्त्यावर खर्च झाली. डोंगरातल्या गावाला कोणतीही वस्तू महाग का पडते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मैदानातल्या गावाचा दर डोंगरातल्या गावाला लावून अंदाजपत्रक केले की काम अर्धवट राहते. मग दोष मात्र गावाच्या माथी येतो. ज्यांच्या तालुक्यात घाटापलीकडची गावे आहेत, त्या अधिकारी मित्रांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

आणि क्रमांकाची गोष्टही विसरू नये. शेकडो भागांपैकी एकाचा क्रमांक चुकला असता, तर डोंगरात बसून तो दुरुस्त करायला कारखाना जवळ नव्हता. आधी जोडून पाहणे, मग नोंद करणे आणि नोंदीप्रमाणे पुन्हा जोडणे, ही शिस्त होती म्हणून बोट पाण्यात उतरली. नळयोजनेतील झडपा व वाहिन्या जमिनीत नेमक्या कोठे आहेत, हे एका वृद्ध कर्मचाऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते आणि तो निवृत्त झाला की सगळे गाव खोदत बसावे लागते, असा अनुभव ज्यांना आला असेल, त्यांना या शिस्तीची किंमत कळेल.

वाफेची काटकसर

शिक्षकमित्रांसाठी तिच्या यंत्राविषयी दोन शब्द सांगतो. या बोटीत तीन नळकांड्यांचे यंत्र आहे. साध्या वाफेच्या यंत्रात वाफ एकदा दट्ट्या ढकलते आणि बाहेर निघून जाते. परंतु बाहेर पडणाऱ्या वाफेत पुष्कळ जोर शिल्लक असतो. म्हणून या यंत्रात जास्त दाबाची वाफ प्रथम सर्वांत लहान नळकांड्यात जाते. तेथून थोडी फुगून, दाब कमी होऊन ती मधल्या, अधिक मोठ्या नळकांड्यात येते आणि शेवटी तिसऱ्या, सर्वांत मोठ्या नळकांड्यात उरलेला जोर देते. एकच वाफ तीनदा कामाला लावली की, तेवढ्याच इंधनात अधिक काम होते. घरी सांज्यासाठी पेटवलेल्या चुलीवर पाठोपाठ पाणीही तापवून घेणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व पुस्तकाविना ठाऊक असते. वाफ तयार करण्यासाठी आगगाडीच्या इंजिनासारखी दोन बॉयलरे आहेत. यंत्राची शक्ती मागच्या पाण्यातील पंख्याला मिळते आणि बोट फारसा आवाज न करता पुढे सरकते.

धुराचा आणि तेलाचा प्रश्न

आता आपण मूळ विषयाकडे येतो. पिण्याच्या पाण्यावर आगबोट चालवायची, तर तिने पाणी खराब करता कामा नये. विसाव्या शतकात जगभर वाफेच्या बोटी जाऊन डिझेल तेलावरच्या बोटी आल्या. डिझेलची बोट चालवायला माणसे कमी लागतात, तयारीला वेळ लागत नाही आणि खर्चही कमी येतो. मग 'सर वॉल्टर स्कॉट' वाफेवरच का राहिली? जुन्या वस्तूचे प्रेम हे एक कारण असेल. पण भक्कम कारण पाण्याचे होते. डिझेल सांडले, तर ते पाण्यावर पसरते आणि लाखो लोकांच्या घागरीपर्यंत जाऊ शकते. कोळशापासून तयार केलेला, धूर न करणारा कोक चुकून पाण्यात पडला, तर तो तळाशी जाऊन बसतो. म्हणून भट्टीत फावड्याने कोक टाकणारा माणूस या बोटीवर एकविसाव्या शतकापर्यंत टिकून राहिला.

मित्रहो, येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाण्याच्या शुद्धतेचा नियम हा बोटीच्या वाटेतला अडथळा आहे, असे प्रथम वाटते. प्रत्यक्षात त्याच नियमाने बोट वाचवली. हा नियम नसता, तर तिचे यंत्र केव्हाच भंगारात गेले असते आणि तिच्या जागी कोणत्याही सरोवरावर दिसते तशी एखादी तेलाची बोट आली असती. २००७ च्या अखेरीस कोकची भट्टी बंद झाली, तीसुद्धा बॉयलरांना वनस्पतीजन्य जैवइंधनाची जोड देऊन. यंत्र तेच राहिले, वाफही तीच राहिली. फावडे मात्र गेले. 'वॉटर विच'च्या वल्हेकऱ्यांप्रमाणे फावडेवाल्याचे कामही काळाने मागे टाकले.

मालक बदलले, बोट राहिली

या बोटीचा प्रवास एकट्या सरोवरावर संपत नसे. पाहुणे आगगाडीने कॅलँडरला येत, तेथून गाडीने ट्रॉसॅक्सच्या धक्क्यावर, मग आगबोटीने स्ट्रोनाखलाखरला, पुन्हा गाडीने इन्व्हरस्नेडला आणि तेथून लॉख लोमंडवरील दुसऱ्या आगबोटीने परत रेल्वेपर्यंत. अशी ही रेल्वे, रस्ता आणि दोन सरोवरे यांची साखळी होती. साखळीतील कड्या एकेक करून तुटल्या. कॅलँडरचा लोहमार्ग १९६५ मध्ये बंद पडला. लॉख लोमंडवरची 'मेड ऑफ द लॉख' ही मोठी बोट १९५३ मध्ये आली. तीही सुट्या भागांतून सरोवराकाठी जोडलेली होती. पण १९८१ मध्ये तिची सेवा थांबली. इतकेच नव्हे, 'सर वॉल्टर स्कॉट' बांधणारा डेनींचा कारखानाही १९६३ मध्ये बंद झाला. बोट मात्र आपल्या कारखान्याच्या मागे उरली.

ती उरली, याचे श्रेय बऱ्याच अंशी सार्वजनिक मालकीला द्यावे लागेल. १९५३ मध्ये ती खाजगी कंपनीकडून ग्लासगो महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे आली. सरोवर ज्यांचे, बोटही त्यांची, असा हा सरळ व्यवहार होता. पुढे तेथील स्थानिक प्रशासनाची फेररचना होत गेली, तसे १९७५ नंतर प्रादेशिक परिषद, १९९६ नंतर पाणी प्राधिकरण आणि २००२ नंतर संपूर्ण स्कॉटलंडसाठीची सार्वजनिक पाणी संस्था, असे तिचे मालक बदलले. त्यानंतर काही वर्षांतच ती एका धर्मादाय विश्वस्त संस्थेकडे सोपवण्यात आली. पाणी खात्याचे काम पाणी देणे. बोट चालवणे हे त्याचे काम नव्हे, असा विचार त्यामागे असावा, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पण मालकी हलकी झाली की, जबाबदारी कोणाच्या खांद्यावर पडते, हे लवकरच दिसून आले.

२०२० च्या सुरुवातीला तपासणीत बॉयलरांना तडे गेल्याचे आढळले. बॉयलर म्हणजे दाबाने भरलेले भांडे. तडा गेलेल्या बॉयलरवर प्रवासी घेणे म्हणजे जीवाशी खेळ. बोट तत्काळ थांबवली. पाठोपाठ कोरोनाची महासाथ आली आणि पाहुणे येणेच बंद झाले. उत्पन्न नाही, दुरुस्तीचा खर्च मोठा आणि बोट धक्क्याला बांधलेली. संस्थेने लोकांपुढे हात पसरले. लहानमोठ्या देणग्या जमल्या, दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये 'सर वॉल्टर स्कॉट' पुन्हा पाण्यावर चालू लागली.

या प्रसंगात मला सर्वांत मोलाची वाटते, ती तपासणी. तडे वेळेवर सापडले. सापडल्यावर कोणी ते लपवले नाहीत. आणि हंगामाचे उत्पन्न बुडेल, हे माहीत असूनही बोट थांबवली. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ती आठवण अजून घराघरांत आहे. पाण्यावरच्या वाहनाची तपासणी हा कागदी सोपस्कार नव्हे, हे आपणांस वेगळे सांगण्याची गरज नाही. शिवसागराच्या काठची तापोळा-बामणोलीकडील गावे वर्षानुवर्षे लाँचच्या आधाराने बाजार, शाळा आणि दवाखाना गाठत आली आहेत. जेथे जेथे धरणाने रस्ते बुडवले आणि लोकांना पाणी ओलांडावे लागले, तेथे तेथे लाँच ही चैन नसून रस्ताच आहे. रस्त्याची देखभाल जशी ठरलेली असते, तशीच तिची असली पाहिजे. बाके मोडलेली, जीवरक्षक जाकिटे कुलपात आणि प्रवाशांची मोजदाद नाही, अशी लाँच दिसली, तर तो ग्रामसभेचा विषय आहे, हे आपण मानले पाहिजे.

शेवटचे दोन शब्द

या छोट्या आगबोटीच्या इतिहासातून मोठे सिद्धांत काढण्याचा माझा विचार नाही. तरीही काही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत, असे मला वाटते. पहिली अशी की, पाण्याचे रक्षण आणि पाण्यावरचा रोजगार यांत वैर असलेच पाहिजे, असे नाही. नियम स्पष्ट असेल आणि सर्वांना सारखा असेल, तर रोजगार त्या नियमाच्या चौकटीत आपली वाट शोधतो. दुसरी अशी की, सोय नवी असो वा जुनी, ती सुरू करण्याइतकाच ती टिकवण्याचा खर्च खरा असतो. उद्घाटनाला राणी येते. बॉयलरचा तडा शोधायला मात्र रोज कोणीतरी खाली वाकून पाहावे लागते. तिसरी गोष्ट वल्हेकऱ्यांची. त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. पण त्यांच्या हातातले वल्हे कोणी काढून घेतले, तर त्यांच्या हाती दुसरे काय द्यायचे, हा प्रश्न १८४३ मध्ये जसा होता, तसाच तो आजही आपल्या प्रत्येक योजनेपुढे उभा आहे.

उद्या आपण आपापल्या गावी परत जाल. आपल्या गावचा तलाव, बंधारा किंवा विहीर पाहाल, तेव्हा दोन प्रश्न स्वतःस विचारावेत : हे पाणी किती जणांच्या घागरीत जाते आणि त्याची राखण करण्याचे काम नेमके कोणाच्या नावावर लिहिले आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जर 'सगळ्यांच्या' असे आले, तर येत्या ग्रामसभेत ते एका नावावर लिहून घ्यावे. सरोवरावरची ती जुनी आगबोट चालते आहे, कारण तिची जबाबदारी प्रत्येक वेळी कोणीतरी आपल्या नावावर घेतली.